जमिनीत शिरणारा चेंडू

चेंडू जमिनीवर आदळला आणि जमिनीतून खाली निघून गेला. परत आलाच नाही.

आम्ही तिघं पडद्याकडे बघत उभे होतो. मी, माझे लॅब अटेंडंट दत्तामामा आणि प्राचार्यसाहेब. प्राचार्यसाहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग वाकून टेबलाखाली पाहिलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहितोय.

"खिल्लारे सर, चेंडू कुठं गेला?"

"खाली गेला सर."

"खाली म्हणजे कुठं?"

"उणे बारा व्होल्टला."

त्यांनी मान डोलावली. उणे बारा व्होल्ट हे गाव कळमनुरीच्या अलीकडे की पलीकडे, एवढंच विचारायचं त्यांनी बाकी ठेवलं.

"मग आणा त्याला वर," ते म्हणाले. "गुरुवारी समिती येतेय."

त्या दिवशी शनिवार होता.

ही गोष्ट सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची. हिंगोली तेव्हा जिल्हा झाला नव्हता, परभणीतला एक तालुका होता. कॉलेज नवं होतं. फिजिक्स डिपार्टमेंट म्हणजे मी, दत्तामामा आणि एक पत्र्याचं कपाट. मी हट्टा या गावचा. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला, त्यामुळे मी लेक्चरर झालो तेव्हा आमच्या वस्तीत पेढे वाटले होते. पेढे वाटताना कुणी विचारलं नाही की नेमणूक टेंपररी आहे का. ती होती. दर जूनला नवी ऑर्डर निघायची. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या वर्गाला विद्यापीठाची मान्यता मिळाली तर माझी पोस्ट कायम होणार, आणि नाही मिळाली तर फिजिक्सच बंद होणार. म्हणजे मीही बंद.

एकदा मी प्राचार्यसाहेबांना विचारलं होतं, मान्यता नाही मिळाली तर माझं काय? ते अगदी आपुलकीनं म्हणाले, "तुम्हाला कशाची काळजी? तुमच्या लोकांना तर सरकार बोलावून नोकरी देतं." सरकारनं मला तोवर तीन ठिकाणी इंटरव्ह्यूला बोलावलं होतं आणि तिन्ही ठिकाणांहून परत पाठवलं होतं. जाण्यायेण्याचा सराव मात्र चांगला झाला होता.

तर हा चेंडू कुठून आला ते सांगतो.

प्राचार्यसाहेब विद्यापीठात एका मीटिंगला गेले होते. तिथं चहाच्या वेळी दुसऱ्या एका कॉलेजच्या प्राचार्यांनी सांगितलं की आम्ही कॉम्प्युटर आणायच्या विचारात आहोत. आमच्या साहेबांनी जाताना गाडीत कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की अमेरिकेत लोक घरच्या टीव्हीवर टेनिस खेळतात. त्यांनी या दोन गोष्टी जोडल्या आणि सांगून टाकलं, "आमच्या हिंगोलीत पोरं कॉम्प्युटरवर टेनिस खेळतात." खोलीतल्या बहुतेकांनी कॉम्प्युटर पाहिला नव्हता, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही. फक्त मान्यता समितीच्या अध्यक्ष, गणिताच्या प्राध्यापक बाई, म्हणाल्या, "वा. आम्ही येऊ तेव्हा बघायला आवडेल."

परत आल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"खिल्लारे सर, एक कॉम्प्युटर करा."

चहा करा म्हणावं, इतक्या सहज म्हणाले. मी सांगितलं की कॉम्प्युटर हॉलएवढा असतो, त्याला एसी लागतो आणि तो चालवायला दहा माणसं लागतात. ते म्हणाले, "मग छोटा करा."

आमच्याकडे एक सीआरओ होता. ऑसिलोस्कोप. पाच इंची गोल काच, त्या काचेवर एक हिरवा ठिपका. आत दोन जोड पट्ट्या असतात. एका जोडीला व्होल्टेज दिलं की ठिपका आडवा सरकतो, दुसरीला दिलं की उभा. जेवढं व्होल्टेज, तेवढा सरकतो. हा सीआरओ येऊन दोन वर्षं झाली होती. तो प्राचार्यांच्या केबिनमध्ये कापडाच्या खोळीत असायचा, कारण वापरला तर खराब होईल असं त्यांचं मत होतं. आता त्यांनी स्वतःच्या हातानं खोळ काढली.

ठिपका म्हणजे चेंडू, हे ठरायला वेळ लागला नाही. काचेच्या खालच्या भागावर काळी पट्टी चिकटवली, ती जमीन. मधोमध एक छोटी उभी पट्टी, ती जाळी. नॉब फिरवला की ठिपका फिरायचा. साहेब दहा मिनिटं नॉब फिरवत बसले आणि म्हणाले, "झालं की."

झालं नव्हतं. तो चेंडू नव्हता, काचेवर बसलेली माशी होती. नेला तिकडे जात होता, सोडला तिथं थांबत होता. त्याला वजन नव्हतं, वेग नव्हता, पडणं माहीत नव्हतं. टेनिस खेळायचं तर त्याला आधी पडायला शिकवावं लागणार होतं. पडणं म्हणजे काय, हे मी चार वर्षं फळ्यावर शिकवत होतो. पोरं वहीत उतरवत होती. आता एका ठिपक्याला ते पटवायचं होतं.

यासाठी मी गेलो हबीबभाईंकडे. स्टेशन रोडला त्यांचं रेडिओ रिपेअरीचं दुकान होतं. हबीबभाईंचं शिक्षण सातवीपर्यंत, उर्दू मीडियम. हिंगोलीत इलेक्ट्रॉनिक्सचं त्यांच्याएवढं कुणाला कळत नव्हतं, एम.एस्सी. झालेल्या माझ्यासकट. ते महिन्या-दोन महिन्यांनी रेल्वेनं हैद्राबादला जायचे आणि जुन्या बाजारातून पार्ट आणायचे. त्यांच्याकडे आठ पायांच्या चार चिपा होत्या, ऑप-अॅम्प नावाच्या. सोबत चार पानांचा सायक्लोस्टाइल कागद होता. हबीबभाईंनी तो कागद मला दिला.

"ये आप पढो सर. अंग्रेजी में है. बाकी तकलीफ मैं देख लेता."

कागदातली आयडिया सोपी होती. एक टाकी आहे असं समजा. वर नळ. नळाची धार सारखी असली की टाकीतलं पाणी एका चालीनं चढतं. आता दोन टाक्या घ्या. पहिल्या नळाची धार म्हणजे गुरुत्वाकर्षण. त्यानं जी टाकी भरते ती वेगाची. या वेगाच्या टाकीत जेवढी पातळी, तेवढी दुसऱ्या नळाला धार. त्यानं जी टाकी भरते ती जागेची, म्हणजे चेंडू किती खाली आला त्याची. चेंडू आधी हळू पडतो, मग जोरात पडतो, तो यामुळे. आमच्या टाक्या म्हणजे कपॅसिटर, हबीबभाईंच्या भाषेत कंडेन्सर. नळ म्हणजे रेझिस्टन्स. आणि भरताना धार कमी होऊ न देणारी ती आठ पायांची चिप.

दोन दिवसांत ठिपका पडायला लागला. वरून सोडला की सावकाश सुटायचा, मग वेग घ्यायचा. बाजूनं ढकलला तर कमान काढत जायचा, फळ्यावर मी जशी काढायचो तशीच. मला आपला आनंद झाला. फळ्यावरची गोष्ट खरी असते, हे शिक्षकाला फार वेळा बघायला मिळत नाही.

नंतर उसळी. चेंडू जमिनीला लागला की त्याचा वेग उलटा झाला पाहिजे. खाली जात होता तेवढाच वर. म्हणजे वेगाच्या टाकीतलं जे काही आहे ते उलटं करायचं. यावर हबीबभाईंनी फार झकास उपाय काढला. ते म्हणाले, कंडेन्सरलाच उलटा करून लावू. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधले दोन रिले त्यांच्याकडे पडून होते. रिले म्हणजे विजेनं चालणारं बटण. आत पत्र्याच्या पट्ट्या असतात, करंट आला की त्या खटकन सरकतात. चेंडू जमिनीला लागला की रिले खट करणार आणि कंडेन्सरचे दोन्ही पाय अदलाबदल करणार. वेग उलटा.

शनिवारी सकाळी हे सगळं जोडून मी साहेबांना बोलावलं, आणि चेंडू जमिनीत गेला. तो प्रसंग वर सांगितलाच आहे.

रविवारभर मी गणित तपासलं. गणित बरोबर होतं. सगळं बरोबर असताना यंत्र चुकतं, तेव्हा माणसाला स्वतःबद्दल शंका यायला लागते. चेंडू कधी नीट उसळायचा, कधी सरळ खाली. दहातून चार वेळा खाली. मी तक्ता केला, ग्राफ काढला. ग्राफ फार सुंदर आला, त्यातून काही कळलं नाही.

घरी बायको, सुशीला, म्हणाली, "काहून एवढं तोंड पाडून बसलाव?"

"चेंडू जमिनीत चाललाय."

"मंग साहेबाला सांगा ना, व्हत न्हाई म्हणून."

"सांगितलं तर पोस्ट जाईल."

"आन् न्हाई सांगितलं, तर?"

"तरी जाईल. पण गुरुवारनंतर."

 तिला सातवा महिना चालू होता. मग म्हणाली, "गुरुवारपस्तोर तर बसा मंग." घरात यापेक्षा नेमका सल्ला मला कुणी दिला नाही.

सोमवारी हबीबभाई दुकान बंद करून लॅबमध्ये आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. स्टुलावर बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "गिराओ." मी चेंडू पाडत राहिलो. ते ऐकत राहिले. दहा-बारा वेळा झाल्यावर डोळे उघडले.

"सर, ये कभी कभी दो बार बोलता."

"कोण?"

"रिले. एक बार बोलना, खट. मगर ये कभी खटक्‌ बोलता. पत्री कांपती इसकी. दो बार उलटा किया तो क्या होता?"

दोनदा उलटा केला की सुलटा होतो. वेग पुन्हा खालीच. चेंडू जमिनीत. रिलेच्या पट्ट्या म्हाताऱ्या होत्या, त्या थरथरत होत्या आणि तेवढ्यात आमचं सर्किट समजत होतं की चेंडू पुन्हा आदळला. माझ्या तक्त्यात हे कुठंच नव्हतं, कारण मी डोळ्यांनी बघत होतो.

"इसकू जरा सुस्त करना पडता," हबीबभाई म्हणाले, आणि त्यांनी रिलेला समांतर एक छोटा कंडेन्सर टाकून दिला. रिले सुस्त झाला. एकदा बोलल्यावर थोडा वेळ गप्प राहायचा. त्यानंतर चेंडू एकदाही जमिनीत गेला नाही.

मी साहेबांना बोलावलं. चेंडू सोडला. तो पडला, उसळला, जिथून सोडला तिथवर गेला, पुन्हा पडला, पुन्हा तिथवर गेला. साहेब खूश झाले. पाच मिनिटं झाली तरी चेंडू तेवढाच उसळत होता. "आपल्या कॉलेजचा चेंडू दमत नाही," ते म्हणाले आणि हे वाक्य समितीपुढे वापरायचं म्हणून लिहून घेतलं.

ते गेल्यावर दत्तामामा पुढे आले. दत्तामामा नरसीचे, रोज सायकलीवर यायचे. उभ्या आयुष्यात त्यांनी मला यंत्राबद्दल मत दिलं नव्हतं. "सर," ते म्हणाले, "राग मानू नका. ह्यो चेंडू खोटा वाटून राहिला."

"काहून?"

"आता कसं सांगू. कुठलाच चेंडू असा करीत न्हाई."

त्यांनी स्टोअरमधून एक रबरी चेंडू आणला. मी भिंतीला मीटर-पट्टी धरली. दत्तामामांनी शंभर सेंटिमीटरवरून चेंडू सोडला. तो साठपर्यंत आला. पुन्हा सोडला, पुन्हा साठ-एकसष्ट. पुढची उसळी छत्तीस-सदतीस. प्रत्येक उसळीत साठ टक्के. हा प्रयोग आमच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये होता. चार वर्षं मी त्यावर सही करत होतो. स्वतः चेंडू टाकून पाहायची माझी ती पहिली वेळ.

आदळताना थोडी ऊर्जा जाते. आमच्या चेंडूची जात नव्हती, म्हणून तो खोटा दिसत होता. कंडेन्सर उलटा होताना त्यातलं थोडं पाणी सांडायचं, म्हणजे एका रेझिस्टन्समधून जाऊ द्यायचं, एवढंच करायचं होतं. मंगळवारचा अख्खा दिवस ते 'थोडं' किती, यात गेला. जास्त सांडलं की चेंडू जमिनीला चिकटून बसायचा, कमी सांडलं की पुन्हा न दमणारा. संध्याकाळी एका उसळीला साठ टक्के जमलं. दत्तामामांनी पाहिलं आणि म्हणाले, "हां. आता पडला."

मला तेवढं सर्टिफिकेट पुरे होतं. साहेबांना पुरे नव्हतं.

"हा आता थांबायला लागला," ते नाराजीनं म्हणाले.

"खरा चेंडू थांबतो सर."

"अहो, पण आपल्याला खरा कशाला पाहिजे? कॉम्प्युटर आहे ना तो?"

बुधवारी त्यांनी कॉम्प्युटरची उरलेली बाजू पूर्ण केली. धान्य ठेवायच्या कोठीएवढा एक पत्र्याचा डबा आणला. त्याला करडा रंग दिला. ड्रॉइंग शिकवणाऱ्या सरांकडून पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरांत 'कॉम्प्युटर' असं लिहून घेतलं. आमचं सर्किट एका लाकडी फळीवर होतं, ते डब्यात ठेवलं. डब्याचा बराच भाग रिकामा राहिला. खेळणाऱ्यांसाठी दोन लाकडी ठोकळे केले. प्रत्येकावर दारावरच्या घंटीचं बटण आणि रेडिओचा नॉब. नॉबनं फटक्याचा जोर ठरायचा, बटण दाबलं की फटका.

जाताना साहेब म्हणाले, "उद्या कुणी विचारलं तर कॉम्प्युटर म्हणायचं. बाकी तुम्ही बोलू नका. मी बोलतो."

गुरुवारी समिती अकराला येणार होती. वारंगा फाट्याला त्यांची जीप पंक्चर झाली आणि त्या एकाला आल्या. आल्या म्हणजे अध्यक्ष बाई आणि सोबत दोन सदस्य. जेवणं झाली. समितीनं लायब्ररी पाहिली, पाण्याची टाकी पाहिली, मुलींची कॉमन रूम पाहिली, जिला त्या दिवशी पहिल्यांदाच पडदे लावले होते. अडीच वाजता त्या माझ्या लॅबमध्ये आल्या.

साहेबांनी भाषण केलं. त्यात मराठवाडा, विज्ञानयुग आणि ग्रामीण विद्यार्थी एवढं सगळं आलं. मग एक सदस्य आणि साहेब खेळायला बसले. चेंडू जाळीवरून गेला, पलीकडे उसळला, सदस्यांनी बटण दाबलं, चेंडू परत आला. ते सदस्य इतिहासाचे होते. पाच मिनिटांत त्यांची मान्यतेबद्दलची सगळी गंभीरता गेली आणि ते "अजून एक, अजून एक" करायला लागले. बाई मागे उभ्या राहून बघत होत्या. माझं लक्ष चेंडूकडे नव्हतं, त्यांच्याकडे होतं.

तीनच्या सुमाराला गावातली कापसाची जिनिंग मिल सुरू झाली असावी. आमच्याकडे एखादी मोठी मोटर लागली की दिवे पिवळे पडायचे. तसे पडले. आणि चेंडू हळू झाला. वर गेला तो तरंगल्यासारखा वर राहिला, मग कापसासारखा खाली उतरायला लागला.

हे कसं झालं ते मला त्याच क्षणी कळलं. व्होल्टेज पडलं तरी चिपांना एकसारखं मिळावं म्हणून आम्ही झेनर नावाचे दोन पार्ट लावले होते. हबीबभाईंकडे दोनच होते. त्यामुळे गुरुत्वाकर्षणाचं व्होल्टेज तसंच, विना झेनर, सरळ घेतलं होतं. हिंगोलीतलं व्होल्टेज पडलं की आमच्या पडद्यावरचं गुरुत्वाकर्षण कमी होत होतं.

साहेब जराही डगमगले नाहीत. "ही खास सोय आहे मॅडम," ते म्हणाले. "चंद्रावर टेनिस कसं खेळतील, ते कॉम्प्युटर दाखवतो."

बाई माझ्याकडे वळल्या. "खिल्लारे, हे तुम्ही ठरवून केलंय?"

साहेब माझ्याकडे बघत होते. दत्तामामा दारात उभे होते, ते जमिनीकडे बघत होते. मला सुशीला आठवली, हट्ट्यातले पेढे आठवले. खोटं बोलायचं माझ्या मनात होतं. तोंडही उघडलं होतं. पण आठवडाभर त्या ठिपक्याला पडायला शिकवलं होतं, आणि आता तो का नीट पडत नाही हे मला माहीत असताना चंद्राचं नाव घेणं मला जमलं नाही.

"नाही मॅडम. व्होल्टेज पडलंय. गुरुत्वाकर्षणाला स्टॅबिलायझर नाहीये. एक पार्ट कमी होता."

 इतिहासाच्या सदस्यांनी बटणावरचं बोट काढलं.

"म्हणजे गुरुत्वाकर्षण कमी झालंय," बाई म्हणाल्या.

"हो."

"मग हा बरोबर पडतोय. कमी झाल्यावर असंच पडायला पाहिजे. उघडा हा डबा."

मी डबा उघडला. आत एवढ्या मोठ्या अंधारात एक फळी, चार चिपा आणि दोन रिले. इतिहासाच्या सदस्यांनी डब्याच्या मागे आणखी काही आहे का ते वाकून पाहिलं. साहेबांनी रुमाल काढला.

बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं. "गुरुत्वाचं व्होल्टेज किती ठेवता येईल?"

मी मीटर लावला आणि फळीवरचा गुरुत्वाचा नॉब फिरवून चार व्होल्ट केलं. त्यांनी चेंडू वरून सोडायला सांगितला आणि तो पूर्ण थांबेपर्यंत वेळ मोजला. आठ सेकंद. "आता एक व्होल्ट करा." गुरुत्वाकर्षण चौथा हिस्सा झालं की वेळ दुप्पट व्हायला पाहिजे, चौपट नाही, दुप्पट. मला हे माहीत होतं, तरी नॉब फिरवल्यावर मी मीटर दोनदा वाचला. चेंडू सोडला. तो सावकाश पडला, सावकाश उसळला.  शेवटी रिलेची बारीक टरटर झाली आणि चेंडू थांबला.

"पंधरा," बाई म्हणाल्या. "सोळा पाहिजे होते."

"कंडेन्सर जुना आहे मॅडम. थोडा गळतो. वेळ जास्त लागला की गळतीही जास्त होते."

त्या पहिल्यांदा हसल्या. "उसळीला किती ठेवलंय?"

"साठ टक्के. ह्यांनी मोजून दिलं." मी दत्तामामांकडे हात केला. दत्तामामा दारातून एक पाऊल बाहेर सरकले.

मग बाईंनी डब्यावरची सोनेरी अक्षरं वाचली. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.

"प्राचार्य, तुम्ही ह्याला कॉम्प्युटर म्हणालात."

"म्हणजे तसं... मुलांना समजावं म्हणून..." साहेब रुमालाची घडी घालत म्हणाले.

"बरोबर आहे तुमचं. गतीचं गणित हे यंत्र विजेनं सोडवतंय. याला अॅनालॉग कॉम्प्युटर म्हणतात. खिल्लारे, तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. आमच्या एम.एस्सी.ला तो टॉपिक होता. ऑप्शनला टाकता येत होता, म्हणून मी टाकला होता.

"नाही मॅडम," मी म्हणालो.

"मी ह्यांना पहिल्या दिवसापासून तेच सांगतोय," साहेब म्हणाले. रुमाल खिशात गेला होता. "पण हे ऐकतच नाहीत. हॉलएवढा लागतो म्हणतात."

समिती साडेचारला गेली. इतिहासाचे सदस्य शेवटी जीपमध्ये बसले, कारण त्यांना अजून एक गेम खेळायचा होता.

दीड महिन्यानं रिपोर्ट आला. वर्गाला मान्यता मिळाली. सोबत अटी होत्या. लायब्ररीत खुर्च्या वाढवाव्यात. मुलींच्या कॉमन रूममधले पडदे तपासणीनंतरही ठेवावेत. आणि फिजिक्सला एकच शिक्षक असल्यामुळे ती जागा ताबडतोब कायम करावी. यंत्राचा उल्लेखही होता. टायपिस्टनं तो 'क्रीडा साहित्य' या मथळ्याखाली टाकला होता. शेरा: समाधानकारक.

माझी कायम नेमणुकीची ऑर्डर आली त्या आठवड्यात आम्हाला मुलगी झाली. मी हबीबभाईंच्या दुकानात पेढे घेऊन गेलो. त्यांनी विचारलं, कशाचे? मी सांगितलं, दोन्हीचे. त्यांनी दोन घेतले.

साहेबांनी त्या वर्षी माझा गोपनीय अहवाल लिहिला. तो गोपनीय असल्यामुळे आठ दिवसांत हेडक्लार्कनं मला वाचून दाखवला. 'मेहनती आहेत. परंतु स्वतः वापरत असलेल्या यंत्रसामग्रीविषयी मूलभूत माहितीचा अभाव आढळतो. बाहेरील व्यक्तींसमोर संस्थेच्या उणिवा उघड करण्याची सवय आहे.' दोन्ही वाक्यं खरी होती, त्यामुळे मी हरकत घेतली नाही. पुढे साहेब जिथं जातील तिथं, हिंगोलीत पहिला कॉम्प्युटर आपण केला, असं सांगत राहिले. त्यांच्या निरोपसमारंभातही हे वाक्य आलं, आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मी त्या कॉलेजात तीस वर्षं काढली. या प्रसंगातून शिकलो ते एवढंच, आणि प्रॅक्टिकलच्या पहिल्या दिवशी पोरांनाही तेवढंच सांगत आलो. आपलं यंत्र कुठं चुकतंय ते आपल्याला सांगता आलं पाहिजे. ते बरोबर चाललंय, हे सांगणारे लोक आपोआप येतात.